दोन बिनहुकूमचा अर्थ

काचवालीला राग येतो, हे पत्त्यांच्या क्लबात कुणाला माहीतच नव्हतं. तिथे सगळे ओळखायचे ते दादाच्या बहिणीला. दादाच्या स्कूटरवर मागे बसून येणारी, दादाच्या समोर बसून ब्रिज खेळणारी, आणि डाव बुडाला की मान खाली घालून दादाचं ऐकून घेणारी. तिच्या पाठीमागे तिला ‘विसरभोळी ताई’ म्हणत. पाठीमागे म्हणजे फार मागे नाही. शेजारच्या टेबलावर.

राग घरच्यांना मात्र माहीत होता. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासायची. पुढे मालक गिऱ्हाइकाला फ्रेम्स दाखवणार, आणि मागे ही यंत्रापाशी बसून काच फ्रेमच्या मापाला आणणार. चाकावर पाण्याची बारीक धार, काचेचा पांढरा गाळ नखांत, आणि कानात दिवसभर तीच किरकिर. राग आला की ती बोलायची बंद व्हायची आणि जबडा घट्ट आवळायची. संध्याकाळी घरी आल्यावर तिचा चेहरा बघून नवरा विचारायचा, “आज काचा घासल्यास की दात?”

“दोन्ही.”

“मग दादा येऊन गेला असणार दुकानात.”

हे अंदाज सहसा चुकायचे नाहीत. दादा रंगाच्या दुकानात मॅनेजर होता, दोन गल्ल्या सोडून. जेवणाच्या सुट्टीत तो यायचा आणि काउंटरला कोपर टेकून आदल्या रविवारचे डाव उकरून काढायचा. “तू तिथे राणी का टाकलीस? मला फक्त एवढं सांग.” मालकासमोर, गिऱ्हाइकासमोर.

ब्रिज या दोघांना वडिलांनी शिकवला. वडील पुस्तकं बांधायचे. एका गिऱ्हाइकाने बांधणीच्या पैशांऐवजी त्यांना हा खेळ शिकवला, असं आई चिडून सांगायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई-वडील समोरासमोर आणि दादा-धाकटी समोरासमोर. ज्याला हा खेळ माहीत नाही त्याला एवढं कळलं तरी पुरे : समोर बसतो तो भिडू, त्याचे पत्ते आपल्याला दिसत नाहीत. खेळ सुरू व्हायच्या आधी बोली लागते. किती हात करू आणि कोणता रंग हुकूम, हे त्या बोलीतून ठरतं. बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे, तेवढे हात : तीन बदाम म्हणजे बदाम हुकूम आणि तेरापैकी नऊ हात. भिडूला आपले पत्ते सांगायचा दुसरा मार्गच नाही. डोळा मारायचा नाही, खाकरायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही.

एकदा आईने सुस्कारा टाकला होता. वडिलांनी तीन बदाम म्हटल्यावर तिच्या तोंडून तो गेलाच. वडिलांनी पत्ते खाली ठेवले. “ऐकला मी,” ते म्हणाले. “आता पंचाईत झाली. ऐकला नसता तर मी चारवर गेलो असतो. म्हणजे आता चारवर जावंच लागणार.”

“अहो, बुडाल.”

“बुडू. तुझा सुस्कारा काही माझ्या पत्त्यांत नव्हता.”

बुडाले. आईने त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा दिला नाही. धाकटी तेव्हा पाय जमिनीला न पोचणाऱ्या खुर्चीत बसायची. तिला वडिलांचं म्हणणं पटलं होतं आणि आईचं चिडणंही.

वडील गेले, आईची नजर गेली, आणि टेबलाची दोन माणसं उरली. तीन वर्षांपूर्वी दादा तिला क्लबात घेऊन गेला. चपलांच्या दुकानावरची ती मोठी खोली, जिन्यातच चामड्याचा आणि गोंदाचा वास, वर हिरव्या कापडाची टेबलं. दुकान ज्यांचं, तेच क्लबाचे सेक्रेटरी आणि स्पर्धा असली की तेच पंच. दादाचं तिथे वजन होतं. तो चांगला खेळायचा, हे तिलाही मान्य होतं. पण त्याला एक खोड होती. पंधरा दिवसांनी एक नवी बोली कुठून तरी वाचून आणायचा आणि म्हणायचा, “आता यापुढे हे असं.” ती यंत्रावर काच लावता लावता पाठ करायची. तोवर दादाचं मन पुढच्या बोलीवर गेलेलं असायचं, आणि मागची बोली त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेलेली असायची.

चार किलवरचा प्रसंग त्यातलाच. दादाने इस्पिक सांगितले. तिच्याकडे इस्पिक भरपूर आणि किलवरचं एकच पान. असं असलं की एकदम चार किलवर सांगायचं, म्हणजे भिडूला कळतं की इस्पिक पक्के आहेत आणि किलवर जवळजवळ नाहीतच. हे दादानेच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिने सांगितलं. दादा स्वतःच ते विसरला, त्याला वाटलं हिच्याकडे किलवरची रांग आहे, आणि त्याने ‘पास’ केलं, म्हणजे बोली तिथेच थांबली. किलवर हुकूम! ज्या रंगाचं तिच्याकडे एक पान, तो हुकूम. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली. दादा हसून सगळ्यांना म्हणाला, “काय करणार, बहीण आहे. पदरी पडली.” तिने तोंड उघडलं होतं. पण भाऊ, तोही मोठा, तोही चारचौघांत. तोंड तिने परत मिटलं. ‘विसरभोळी’ हे नाव त्याच दिवशी पडलं.

त्या रविवारी ती जिना चढली तेव्हा दादा खाली स्कूटर लावत होता. सेक्रेटरी वर खुर्च्या मांडत होते. तिला बघून ते उगाच एक खुर्ची दोनदा पुसायला लागले.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“बाहेरगावच्या स्पर्धेला आपला संघ जातोय. दादा आहेतच. त्यांच्यासमोर कोण, ते आज संध्याकाळी मी ठरवणार होतो. आजचा खेळ बघून. पण दादा स्वतःच म्हणाले की डॉक्टरांना घ्या.” डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. नवे होते, हुशार होते, हात स्वच्छ आणि बोलणं मऊ.

“दादा म्हणाला?”

“म्हणाले, बहिणीला बोली लक्षात राहत नाहीत. मोठ्या स्पर्धेत लाज जाईल.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं जे डोक्यात साठवलं ते सगळं एकदम ओठांवर आलं. पण समोर उभा होता चपलावाला, दादा नव्हे. ती एवढंच म्हणाली, “आज बघूनच ठरवणार आहात ना? मग बघा.”

“बघतो,” सेक्रेटरी म्हणाले, आणि सुटल्यासारखे दुसऱ्या खुर्चीकडे वळले.

दादा वर आला, हात चोळत. “चल छोटे. आज नीट लक्ष दे हां.”

 तिने जबडा आवळला, खुर्ची ओढली आणि खेळली. आणि कशी खेळली! रागात काहींचा हात थरथरतो, हिचा स्थिर व्हायचा. सगळी दुपार तिने एक पान चुकीचं टाकलं नाही. शेवटच्या टेबलावर पोचेपर्यंत दोघं पहिल्या नंबरावर होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. दादा गुणगुणत होता.

शेवटच्या टेबलावर विरुद्ध जोडीत डॉक्टर होते आणि त्यांच्या भिडू ‘सिस्टर’. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांनी आयुष्यभर मोठमोठ्या डॉक्टरांना हात धुवायला लावले होते, त्यामुळे कुणालाही काहीही विचारायला त्या कचरत नसत.

शेवटचा डाव. पत्ते उचलून तिने लावले. चार इस्पिक, त्यांत राजा आणि राणी. बदामाचा एक्का-राणी. किलवरचा एक्का. चौकटची तीन भिकार पानं. एकूण झकास हात.

बोली लावताना कुणी बोलत नाही, पेटीतून चिठ्ठी काढून समोर ठेवायची. दादाने पहिली ठेवली : एक इस्पिक. डॉक्टर पास. तिने क्षणभरही न थांबता ठेवली : दोन बिनहुकूम.

वरवर त्याचा अर्थ, हुकूम न ठेवता खेळू या. पण तिच्या आणि दादाच्या ठरावात त्याचा अर्थ भलताच होता, आणि तोही दादानेच गेल्या महिन्यात आणलेला : तुझे इस्पिक मला पसंत आहेत, माझ्याकडेही चार आहेत, पत्ते दणदणीत आहेत, आता तुझ्याकडे कोणता रंग जवळजवळ नाहीच, तेवढं सांग. अशी खास अर्थाची बोली लागली की भिडूने विरुद्ध जोडीला सावध करायचं, हा नियम. दादाने केलं नाही. तो पत्त्यांकडेच बघत होता.

सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. “भाऊ, यांच्या या बोलीचा अर्थ काय?”

“साधाच आहे,” दादा म्हणाला. “सगळे रंग थोडे थोडे, पत्ते बरे, इस्पिक मात्र नाहीत.”

तिच्या हातातले पत्ते तिला एकदम परके वाटले. विसरला. स्वतः आणलेली बोली, स्वतः घोकून घेतलेली, स्वतः विसरला.

सिस्टर पास. दादाने चिठ्ठी ठेवली : तीन चौकट.

ठरावाप्रमाणे याचा अर्थ होता, माझ्याकडे चौकटचं एकच पान आहे किंवा तेही नाही. दादाच्या डोक्यात त्याचा अर्थ होता, माझ्याकडे चौकटही आहेत, चांगले चार-पाच. एकाच चिठ्ठीचे दोन अर्थ, एकमेकांच्या अगदी उलटे. आणि खरा कोणता, ते तिला माहीत होतं. कारण तिने ऐकलं होतं.

डॉक्टर पास. आता तिची पाळी.

चार इस्पिक ठेवले की विषय संपत होता. सरळ सोपा डाव, दहा हात, पहिला नंबर. डाव जिंकल्यावर दादा काय विसरला होता, हे कुणी विचारलंही नसतं. तिची बोटं त्या चिठ्ठीपर्यंत गेलीसुद्धा.

पण तिला ते कळलं होतं ते पत्त्यांतून नव्हे, दादाच्या तोंडून. आणि तोंडून आलेलं वापरायचं नाही. तिने स्वतःला विचारलं, मी बहिरी असते तर? भिडूकडे चौकट नाहीत आणि आपली चौकटची तीन भिकार पानं. म्हणजे आपली सगळी ताकद बाकीच्या रंगांत, जिथे हवी तिथेच. असे पत्ते घेऊन चारवर थांबणारा माणूस भित्रा. बहिरी असते तर मी तेरापैकी बारा हात मागितले असते.

मग तिला दुसरी शंका आली, आणि ती जास्त वाईट होती. हे मी नियमासाठी करतेय, की याला बुडवायला? राग तर छातीत भट्टीसारखा पेटला होता. बुडालेला बघायला आवडेल का? आवडेल. खोटं कशाला बोला. तिने पत्ते पुन्हा पहिल्यापासून लावून बघितले, जणू नुकतेच उचललेत. उत्तर तेच आलं. राग नसता तरीही तेच आलं असतं. मग राग असला तर असू दे, ती मनात म्हणाली, त्याला पत्ते दिसत नाहीत.

चार बिनहुकूम, तिने ठेवलं. म्हणजे, एक्के किती?

दादाच्या भुवया वर गेल्या. एक, असं त्याने उत्तर दिलं. तिने सहा इस्पिकची चिठ्ठी ठेवली. बारा हात.

तिघे पास. खेळणार दादा, तिचे पत्ते उघडे मांडले जाणार. डॉक्टर पहिलं पान काढायला लागले.

“थांबा,” ती म्हणाली.

तिचा आवाज त्या खोलीत फारसा कुणी ऐकलेला नव्हता. डॉक्टरांचा हात थांबला.

“पान पडायच्या आधी सांगायला हवं. माझ्या दोन बिनहुकूमचा जो अर्थ सांगितला गेला, तो आमच्या ठरावात नाही. पंचांना बोलवा.”

दादाने तिच्याकडे असं बघितलं की जणू खुर्ची बोलली. सेक्रेटरी आले. तिने सांगितलं : ठरावाप्रमाणे या बोलीचा अर्थ चार इस्पिक आणि जोरदार पत्ते. तीन चौकटचा अर्थ, चौकट जवळजवळ नाहीत.

“घोटाळा करतेय ती,” दादा हसत म्हणाला. हसू नेहमीचंच, चारचौघांसाठी राखून ठेवलेलं. “नेहमीचंच आहे हो हिचं. विसरली, आणि आता सारवासारव.”

 वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. सेक्रेटरींनी दोघांकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “तुम्ही पान टाका. मी इथेच आहे.”

डॉक्टरांनी किलवर टाकलं. तिने पत्ते मांडले. हुकूम आधी मांडायचा. इस्पिकचा राजा. राणी. सत्ती. चौका. एकाखाली एक, कडा जुळवून, फ्रेममध्ये काच बसवावी तशी.

 मग सिस्टर पुढे वाकल्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “इस्पिक नाहीत म्हणाला होतात ना?”

दादा त्या चार पानांकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. आपण काय विसरलो ते आता त्याला आठवत होतं, आणि ते आठवताना दिसत होतं. त्याच्याकडे चौकट चार होते, राजा-राणीसकट. एक्का डॉक्टरांकडे. चौकटमध्ये दोन हात गेले, बदामाचा राजा सिस्टरकडे निघाला, तोही गेला. बाराचे दहा झाले. हेच पत्ते सगळ्या टेबलांवर फिरत आले होते, आणि बाकी प्रत्येक टेबलावर लोक चार इस्पिक खेळून दहा हात करून मोकळे झाले होते. पहिला नंबर गेला.

“विरुद्ध जोडीचं नुकसान झालेलं नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “मला काही बदलायचं नाही.” मग दादाकडे न बघता, “ताई, तुम्ही चार इस्पिकवर थांबला असतात तर मात्र मला बदलावं लागलं असतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

डॉक्टर पत्ते गोळा करता करता हळूच म्हणाले, “मला इतका धीर झाला नसता.” कुणाला म्हणाले ते कळलं नाही. दादाने ऐकलं, एवढं नक्की.

पर्स उचलून ती जिना उतरली. स्कूटरपाशी थांबली नाही. रस्त्यावर अजून ऊन होतं, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. मागून स्कूटर आली आणि तिच्या शेजारून, चालण्याच्या वेगाने, फटफटत चालू लागली.

“बस,” दादा म्हणाला.

“नाही.”

“तमाशा करू नकोस रस्त्यात.”

“तमाशा वर झाला. हा रस्ता आहे.”

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. दादा जरा कडेला झाला, परत आला. “मी काय सांगितलं ते ऐकलं होतंस ना? कान आहेत ना? मग चारवर थांबायला काय झालं होतं तुला?”

ती थांबली. “ऐकलं होतं म्हणूनच थांबता आलं नाही. बाबांनी शिकवलं होतं. तुलाही शिकवलं होतं.”

“बाबा आणि त्यांचं शास्त्र. पहिला नंबर होता आपला.”

“आपला? तू तर डॉक्टरांना घेऊन चालला होतास.”

दादाने ब्रेक दाबला. टेम्पोवाला काही तरी घाण बोलून पुढे गेला. “सेक्रेटरी बोलले वाटतं.”

“चार किलवर कोण विसरलं होतं, दादा?”

“ते जुनं आहे.”

“कोण विसरलं होतं?”

 इंजिन सुरू होतं. “होतं कधी कधी,” तो हँडलकडे बघत म्हणाला. “इतकं डोक्यात असतं. चुकलं माझं, बस? झालं समाधान? आता बस मागे.”

“मला नको सांगूस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पायरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली होती. “मला पहिल्यापासून माहीत आहे. ज्यांना तू सांगितलंस ना, की बहिणीला आठवत नाही, त्यांना सांग. चार किलवरसुद्धा. सगळे वर आहेत अजून. जा.”

“वेडी आहेस का? आत्ता? सगळ्यांसमोर?”

“माझं नाव सगळ्यांसमोरच ठेवलंस. घरी येऊन नव्हतं ठेवलंस.”

“आणि मग? खेळशील माझ्याबरोबर?”

“ते मी तुला आत्ता सांगणार नाही.”

ती पुढे निघाली. मागे स्कूटरचा आवाज बराच वेळ एका जागी फटफटत राहिला. मग रहदारीत मिसळला, की बंद झाला, तिला कळलं नाही. वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बस स्टॉपवर उभं राहूनही तिने बघितलं नाही. सेक्रेटरी संध्याकाळी कुणाचं नाव घेतील, याचा विचार मनात आला. डॉक्टरांचं घेतील तर घेवोत, पण ‘तिला आठवत नाही’ म्हणून नको.

मिळालेली बस ती चालत आली त्याच दिशेला परत, क्लबासमोरून वळून जाणारी होती. खिडकीजवळची जागा मिळाली. चपलांच्या दुकानासमोर दादाची स्कूटर स्टँडवर लावलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. वरच्या खिडकीत माणसं उभी होती, टेबलांभोवती नव्हे, एकाच कुणाभोवती.

काचवालीने मान फिरवली. राग गेला नव्हता. जबडा अजून आवळलेलाच होता, आणि घरी गेल्यावर नवरा विचारणार होता, काचा की दात. पण त्याला द्यायचं उत्तर आज बरंच लांब असणार होतं, आणि या वेळी ती ते पहिल्यापासून सांगणार होती.